बाळंतपणात दमलेलं हृदय

"बाई, हा दम बाळंतवाताचा नाही. तुमचं हृदय थकलंय," असं नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी लेक सव्वा महिन्याची होती आणि तिचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं. मी तेवीस वर्षांची. हृदयाचा आजार म्हणजे पोट सुटलेल्या साहेब लोकांचा, अशी माझी पक्की समजूत. भंडाऱ्याजवळच्या आमच्या मोहाडीत हृदय कुणाला दुखायचं ते सिनेमात पाहून. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "तुम्ही दुसऱ्या कुणाचा फोटो तर नाही ना पाहत?"

त्यांनी राग मानला नाही. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटानं दाखवलं. छातीच्या फासळ्यांमध्ये एक पांढरा गोळा होता, डावीकडे पार बरगडीला टेकलेला. एवढं मोठं हृदय नसतं, म्हणाले. छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असायला हवं. माझं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं.

आजाराचं नाव पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. हे नाव मला नीट म्हणता यायला कित्येक दिवस लागले. कार्डिओमायोपॅथी म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार, आणि पेरिपार्टम म्हणजे बाळंतपणाच्या आगेमागे होणारा. हृदयाची झडप बिघडलेली नसते, रक्तवाहिनी तुंबलेली नसते. स्नायूच ढिला पडतो, रक्त पुढे ढकलत नाही, आणि मग पाणी मागे साठत राहतं, फुप्फुसात, पायात, पोटात. सरळ सांगायचं तर पंप कमजोर झाला.

"कशानं होतं हे?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे म्हणजे माझे यजमान, मोहाडीत त्यांचं किराणा दुकान. ह्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. तांदळात किडा झाला तरी कोणत्या गावच्या पोत्यातला, हे शोधून काढतील.

मोठे डॉक्टर म्हणाले, "ते कुणालाच पक्कं माहीत नाही. आम्ही शोधतोय."

ह्यांचा चेहरा पडला. मला मात्र त्या माणसाबद्दल तिथेच विश्वास वाटला. तोपर्यंत मला भेटलेल्या प्रत्येकाला कारण माहीत होतं.

त्या कारणांची गंमत सांगते, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या बाईच्या घरी आज तेच चाललं असेल. बाळंत झाल्यावर दोन-तीन आठवडे मी बरी होते. मग आडवं झालं की खोकला यायला लागला. उठून बसलं की थांबायचा. सासूबाई म्हणाल्या, शेगडीचा धूर लागला. शेजारची म्हणाली, दही खाल्लं असेल चोरून. मग पावलं सुजली. ती बाळंतपणाची सूज, सगळ्यांनाच येते. न्हाणीपर्यंत जाऊन आले की धाप लागायची, ती अशक्तपणाची. अशक्तपणावर उपाय म्हणून बाजेखालची शेगडी वाढवली, तूप वाढवलं, धुरी वाढवली. शेवटी मी दोन लोडांना टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले, आणि लेकीला छातीशी धरून पाजताना माझाच श्वास तिच्यापेक्षा जास्त वाजायला लागला. तेव्हा ह्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि आम्ही भंडाऱ्याहून नागपूरला गेलो.

बायांनो, बाळंतपणानंतर आडवं पडल्यावर जीव घुसमटत असेल, आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर तो अशक्तपणा नव्हे. डॉक्टरकडे जा आणि छातीचा फोटो काढायला सांगा. बाकीचं हे सगळं कुणी नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा.

दवाखान्यात मला बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. ईसीजी काढला, म्हणजे हातापायांना पट्ट्या लावून हृदयाच्या ठोक्यांची रेघ कागदावर घेतली. रक्त काढलं. डिगॉक्सिन नावाची गोळी सुरू केली. ती हृदयाला आकसायला जोर देते, असं समजावलं. दुसरी लघवीची गोळी. ती घेतली की साठलेलं पाणी उतरतं. पहिल्या दोन दिवसांत माझ्यातून इतकं पाणी गेलं की मी शेजारच्या खाटेवरल्या आजीला म्हटलं, वैनगंगा माझ्यातूनच वाहते की काय. चौथ्या दिवशी मी सपाट झोपले. सपाट झोपणं किती मोठं सुख आहे हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं.

मग अटी सांगितल्या. अंथरुणावर पडून राहायचं, महिनोन्‌महिने. मीठ बंद, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. बाळाला अंगावर पाजायचं नाही. उचलायचंही नाही.

मिठाचं मी हसून घेतलं. पाजायचं नाही म्हटल्यावर मात्र मी तोंड भिंतीकडे केलं. छाती दुधानं भरून दगडासारखी झाली होती, लुगडं ओलं व्हायचं, आणि लेक तिकडे मोहाडीला सासूबाईंच्या हातून चमच्यानं गाईचं दूध पीत होती. नर्सबाई गोळ्या देऊन, फडकं घट्ट बांधून जायच्या. दूध आटलं त्या दिवशी मी खूप रडले. दुखणं गेलं म्हणून कुणी रडतं का, असं ह्यांनी विचारलं. पुरुषांना काही गोष्टी सांगूनही कळत नाहीत, आणि ह्यांना तर नाहीच.

घरी सोडताना मोठे डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन बोलले. हे मला काही सांगणार नाहीत हे ओळखून मी घरी पोचल्यावर खनपटीलाच बसले, तेव्हा बोलले. साधारण सहा महिन्यांत हृदय आपल्या मापावर आलं, तर बाई वाचली समजा. नाही आलं, तर मग ते बहुतेक येत नाही, आणि अशा बाईचं पुढे काही सांगता येत नाही.

म्हणजे लेक बसायला लागेपर्यंत माझा निकाल लागणार होता.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव गिरजाबाई. बाजारात गिरजाबाई दुकानवाली म्हणून ओळखायचे. सासरे लवकर गेले, त्यांनीच दुकान चालवलं, मुलगा मोठा केला. उंच, काळ्या, आवाज खणखणीत. मला आधी त्यांचा धाक होता. आजारपणात तो धाक कुठे गेला कळलं नाही. त्या माझी वेणी घालायच्या, अंग पुसायच्या, लेकीला माझ्या शेजारी आणून ठेवायच्या आणि मी हात पुढे केला की दटावायच्या, "अं हं! पाहायचं फक्त. हात नाही लावाचा. डाक्टरनं मना केलं ना वो." आणि मग लेकीला म्हणायच्या, "पाह्य तुझी माय कशी चोरासारखी पाहून राहिली."

मिठाची बंदी त्यांनी इतकी मनावर घेतली की स्वयंपाकघरातून मिठाचा सट उचलून दुकानात नेऊन ठेवला. चुकूनही हात जायला नको. लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. माझा भात वेगळा, वरण वेगळं, भाजी वेगळी, त्यांच्या हातची. पोटभर जेवत होते मी. चवही बरी लागायची. मी मनात म्हणायचे, बिनमिठाचं जेवण एवढं काही वाईट नसतं, लोक उगाच बाऊ करतात.

दोन महिने गेले. आणि पावलं पुन्हा सुजली.

आधी संध्याकाळी सुजायची, मग सकाळीही. बोट दाबलं की खड्डा राहायचा. पुन्हा लोड लागले. ह्यांनी गोळ्या मोजून पाहिल्या, एकही चुकली नव्हती. पुन्हा नागपूर, पुन्हा तीच खाट नाही पण तोच वॉर्ड. एक्स-रेमध्ये हृदय होतं तिथेच होतं, उलट थोडं पुढेच सरकलं असेल. लघवीच्या गोळीचं प्रमाण वाढवलं. पाणी उतरलं. पण मोठे डॉक्टर फोटो पुन्हा पुन्हा उजेडात धरत होते ते मला आवडलं नाही. बरोबरच्या तरुण डॉक्टरांना ते इंग्रजीत म्हणाले, "औषधाला दाद देत नाहीये. काही बायकांत असं होतं." मला इंग्रजी समजत नाही असं त्यांना वाटलं असावं, पण मी मॅट्रिक होते. तेवढं समजलं.

घरी आल्यावर मी ह्यांना एकच सांगितलं. मी गेले तर दुसरं लग्न करा, पण लेक आईंजवळच ठेवा. हे उठून दुकानात गेले आणि गिऱ्हाईक नसताना तांदूळ चाळत बसले.

ते तरुण डॉक्टर म्हणजे डॉ. मेश्राम. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचे. अशा बाळंतिणींची माहिती गोळा करायचं काम मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे दिलं होतं. वॉर्डातही ते खाटेजवळ स्टूल ओढून किती तरी प्रश्न विचारायचे. लग्न किती वर्षी झालं, गरोदरपणी काय खाल्लं, ताप आला होता का, बाळंतपणात शेक किती, पाणी किती, कितवं मूल. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "डॉक्टर, सोयरीक जुळवून राहिले काय माझी?" ते हसले होते. म्हणाले, "कारण सापडलं तर पुढच्या बाईले हे होण्याआधी थांबवता येईल जी. म्हणून विचारतो." दवाखान्यात शुद्ध मराठी बोलणारा माणूस आमच्याकडची बोली बोलला की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी सकाळी ते मोहाडीला आमच्या दारात उभे. भंडारा जिल्ह्यातल्या पेशंटांची घरं पाहायला निघाले होते. बाजेखालची शेगडी कशी ठेवतात, खोलीला खिडकी आहे का, चूल कुठे, रांधतात कसं, सगळं डोळ्यांनी पाहायचं होतं. दवाखान्यात बायका सांगतात ते आणि घरी असतं ते यात फरक पडतो, म्हणाले.

खोली पाहिली. शेगडी पाहिली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. आडनावावरून माणूस कोणत्या समाजाचा हे कळायला आमच्याकडे वेळ लागत नाही, आणि आमचं घर तसं जुन्या वळणाचं, शिवाशिव पाळणारं. डॉक्टरांनाही ते माहीत होतं. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "या ना जी आत. तिथून गंजातलं काय दिसन तुमाले?" आणि त्यांनी पाट सरकवला. मी बाजेवरून पाहत होते. मला त्या क्षणी सासूबाईंचा फार अभिमान वाटला.

डॉक्टर पाटावर बसले. चुलीवरच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, माझं वरण शिजत होतं.

"मीठ किती टाकता जी आई, ह्यांच्या वरणात?"

"मीठ?" सासूबाई दुखावल्या. "मिठाचा खडा बी नाही घरात. सट उचलून दुकानात नेला ना जी मी. पोराले विचारा."

"मंग चव कशी लागते?"

"चवीपुरतं शेंदेलोण टाकून राहिली ना."

सासूबाईंनी आपण होऊन डबा पुढे केला. गुलाबीसर खडे, चांगले कुटून ठेवलेले. आमच्याच दुकानातले.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेंदेलोण म्हणजे सैंधव, उपासाचं मीठ. आमच्याकडे एकादशीला, चतुर्थीला मीठ चालत नाही, आणि शेंदेलोण चालतं. लहानपणापासून हेच पाहत आलेलो. तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद म्हटल्यावर सासूबाईंना त्यात न समजण्यासारखं काही वाटलंच नाही. मीठ बंद असलं की काय घालायचं, हे त्यांना न्हाती-धुती झाल्यापासून ठाऊक होतं. आणि फक्त त्यांनाच का म्हणा? हे स्वतः दुकानातून शेंदेलोणाची पुडी बांधून आत द्यायचे. मी मॅट्रिक, मी ते चवीनं खात होते. नागपूरला प्रत्येक वेळी मला विचारलं, मीठ खाता का, आणि प्रत्येक वेळी मी देवाशप्पथ नाही म्हणाले. कुणीही खोटं बोललेलं नव्हतं.

"आई," डॉक्टर हळूच म्हणाले, "हे बी मीठच आहे जी. उपासाले चालते, देवाले चालते. पण ह्यांच्या हृदयाले ते आणि हे एकच."

सासूबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे मीच मारून राहिली होती का सुनेले?"

मला बाजेवरून उठायची परवानगी नव्हती. मी उठले. डॉक्टरांनी मला हातानंच थांबवलं आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "नाही जी. आजार मिठानं नाही झाला. मिठानं फक्त पाणी साचलं. आजार कशानं झाला ते मलेच नाही माहीत. माहीत असतं, तर तुमच्या चुलीजवळ कायले येऊन बसलो असतो?"

त्यावर सासूबाई पदरानं डोळे पुसत हसल्या. मग डॉक्टरांना पोहे केले आणि स्वतः समोर बसून खाऊ घातले. मीठ घातलेले, दुकानातला सट परत आणून.

जाताना ते ह्यांना म्हणाले की आता आम्ही वॉर्डात नुसतं मीठ बंद असं सांगणार नाही. सैंधव, पापडखार, खायचा सोडा, सगळ्यांची नावं घेऊन विचारणार. एक बाई तरी वाचेल. ते खरंच तसं विचारायला लागले, हे मी पुढे वॉर्डात माझ्या कानांनी ऐकलं.

त्या दिवसापासून जे जेवण सुरू झालं, ते खरं बिनमिठाचं. पहिला घास तोंडात घेतला आणि मी थांबले. माती तरी बरी. मी लोकांच्या बाऊबद्दल जे म्हटलं होतं ते सगळं मागे घेते. लिंबू पिळा, आमचूर घाला, लसणाची फोडणी द्या, कोथिंबीर भरपूर टाका, काही दिवसांनी जिभेला सवय होते. खरंच होते. पण मला सवय झाली ती दुसऱ्याच कारणानं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाहिलं की सासूबाई माझ्याच गंजातलं वरण आपल्या ताटात घेत होत्या.

"आई, तुमचं वेगळं आहे ना?"

"दोन दोन गंज कोण घासते? आन्‌ म्या खाल्लं तर समजन ना मले, कशात काय टाकलं तर बरं लागते." असं म्हणून त्या भुरका मारायच्या आणि तोंड वाकडं न करता गिळायच्या. बाजाराच्या दिवशी दुकानात दिवसभर उभी राहणारी बाई, घामानं निथळून घरात यायची आणि माझ्याबरोबर अळणी वरण-भात जेवायची. मी कितीदा सांगितलं. ऐकतात कुठे! शेवटी मीच ताटात उष्टं टाकणं बंद केलं. त्या खात होत्या तर मी कोणत्या तोंडानं टाकणार?

हळूहळू पावलं माझी मला ओळखू येऊ लागली. घोट्याचं हाड दिसलं तेव्हा सासूबाईंनी ते शेजारणीला बोलावून दाखवलं, लाजेनं मी पाय ओढून घेतला. आधी एक लोड गेला, मग दुसरा. दरम्यान लेकीचं नाव शुभांगी ठेवलं, शुभी म्हणू लागलो. ती पालथी पडायला लागली. माझ्याकडे पाहून हसायची, पण रडू आलं की आजीकडे हात करायची. ते मला टोचायचं, आणि टोचलं की मी स्वतःला समजवायचे की कुणीतरी आहे हे किती बरं.

निकालाच्या एक्स-रेला गेलो तेव्हा सासूबाई शुभीला घेऊन बरोबर आल्या. नागपूर त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी बाकाशिवाय काही पाहिलं नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेरची वाट पाहणं सगळ्यात वाईट. फोटो निघालेला असतो, आत कुणाला तरी आपलं काय ते कळलेलं असतं, आणि आपण बाहेर भिंतीवरची कुटुंब नियोजनाची जाहिरात वाचत बसायचं.

मोठ्या डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी शेजारी खिडकीला लावले. पहिला आणि आजचा. डॉ. मेश्राम पट्टी घेऊन मोजत होते. मोजायची गरज नव्हती. पांढरा गोळा आपल्या जागी जाऊन बसला होता, छातीच्या निम्म्याहून कमी.

"आलं," मोठे डॉक्टर म्हणाले. एवढंच. आणि चष्मा काढून पुसत राहिले.

सासूबाईंनी शुभीला माझ्या मांडीत ठेवलं. "घे वो तुझी पोट्टी. माझे हात दुखले आता." मी तिला उचलून खांद्याशी धरलं. इतकी जड झाली होती! तिनं आधी आजीकडे मान वळवली, थोडं कुरकुरली, मग माझ्या कानातली रिंग धरली आणि तिथेच राहिली. मी मोठ्यानं रडले. डॉक्टरांनी रडू दिलं.

नंतर त्यांनी आम्हाला बसवलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. हृदय जागेवर आलंय, पण पुन्हा दिवस गेले तर ते पुन्हा दमू शकतं, आणि दुसऱ्यांदा ते उठेल असं मी सांगू शकत नाही. दुसरं मूल नको. बाईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही एवढ्यात करू नका, भूल देणं धोक्याचं आहे.

परतीच्या एस.टी.त सासूबाई खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाहत होत्या. एकच मुलगा त्यांना, आणि त्याला एक मुलगी. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला विचारायची छाती झाली नाही.

इथे ह्यांच्याबद्दल सांगते. आणीबाणी संपून फार वर्षं झाली नव्हती. तेव्हा नसबंदीची गाडी गावात आली की पुरुष शेताशेतांतून पळायचे, आणि आमचे हे तर तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात एक अख्खी दुपार शिरून बसले होते. अंगभर खाज सुटली होती. लग्नानंतर मी त्यावरून त्यांना खूप चिडवलं. गाडी गेली, भीती राहिली. नसबंदीचं नाव कुणी पुरुष घेत नसे, केलेली असली तरी लपवत.

तोच माणूस एक दिवस दुकानाचा माल आणायला म्हणून भंडाऱ्याला गेला आणि माल न आणता परत आला. मला म्हणाला, "करून आलो. आता तू भिऊ नको." मी त्यांच्या शर्टाचं बटण उगाचच लावत राहिले. "आईले नको सांगू," एवढं म्हणाले.

दोन दिवसांनी बाजार होता. दुकान माणसांनी भरलेलं. ह्यांना काही दिवस वजन उचलायची मनाई. गल्ल्यावर बसून होते, आणि सासूबाई तराजूवर. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "काहून जी शेठ, आज बसून काहून? पोतं कोण उतरवन?"

"पाठ लचकली," हे म्हणाले. मी आतल्या दाराशी शुभीला घेऊन बसले होते, मला ऐकू येत होतं.

"पाठ नाही लचकली त्याची," सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "ऑपरेशन करून आला तो. नसबंदी."

सगळ्या गिऱ्हाइकांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं आता ह्यांना तणसाचा ढीग लागणार. सासूबाईंना कळलं कसं, हे मला आजही माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

"पण गिरजाबाई," तो शेतकरी खालच्या आवाजात म्हणाला, "एक पोट्टीच ना जी तुमाले? नातू?"

"सुनेचं दिल कमजोर हाय. दुसऱ्या बाळंतपणात गेली तर नातू घेऊन काय करू, माती? म्या तिले घास घास चारून परत आणली. आता नातवासाठी पुन्हा नाही पाठवत." आणि लगेच, "तुले गूळ किती पाहिजे ते सांग. लोक खोळंबले."

छातीत धडधडत होतं माझ्या, कानापर्यंत ऐकू येत होतं. आजारपणात तशी धडधड झाली की मी घाबरून नाडी धरायचे. त्या दिवशी धरली नाही. घरातल्या सुनेनं बाजाराच्या दिवशी दुकानात यायची आमच्यात रीत नव्हती. मी उठले, शुभीला कडेवर घेतलं, बाहेर गेले आणि सासूबाईंच्या हातून तराजू घेतला.